सपाट स्पीडब्रेकरची कैफियत

थांबा! ब्रेक दाबलात ना? सुरुवातीला सगळे असेच फसायचे. मी स्पीडब्रेकर बोलतोय. मुक्काम धरमपेठ, एका शाळेसमोर. जन्मतः उंची शून्य.

ऋषिकेश पेंटरने रस्त्यावर पांढरा-पिवळा रंग मारला, कडेने काळी सावली काढली आणि माझा जन्म झाला. सारी करामत त्या सावलीची. सावली दिसली की तिथे काहीतरी उभं असणारच, असं माणसाचा डोळा धरून चालतो. म्हणून लांबून मी चांगला वीतभर उंच दिसायचो.

सुरुवातीला काय रुबाब होता माझा! गाड्या कचकन थांबायच्या. तेवढ्यात इंदूबाई नातीचा, दीक्षाचा, हात धरून रस्ता ओलांडायच्या. गुडघे दुखरे, चाल हळू. त्या यायच्या रस्त्याच्या कडेने, गाड्यांसारख्या समोरून नाही, त्यामुळे त्यांना मी नुसते वेडेवाकडे पट्टे दिसायचो. "याले काहून भेतात वं हे लोकं?" त्या दीक्षाला विचारायच्या.

शहराबाहेर मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला असलेला जितेंद्रही पहिल्या दिवशी दचकून थांबला होता. ते त्याच्या फार मनाला लागलं. मग तो मुद्दाम जोरात माझ्यावरून जाऊ लागला. मागे बसलेल्या मित्राला सांगायचा, "अबे, घाबरून काहून राहिला? पेंटिंग आहे हे!" हळूहळू सगळ्यांनाच कळलं. उठून उभं राहणं काही माझ्या हातात नव्हतं.

एका सकाळी जितेंद्रच्या हँडलला अडकून इंदूबाईंची पिशवी फाटली. तो थांबला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर इंदूबाई कितीतरी वेळ कडेलाच उभ्या राहायच्या आणि दीक्षाला शाळेत उशीर व्हायचा.

पालकांनी ओरड केली, तेव्हा सुट्टीत माझ्या जागी खराखुरा डांबरी उंचवटा घातला. मला पोट आलं. रंगवायला पुन्हा ऋषिकेशच. त्याने तेच चित्र काढलं, तीच सावली. दुसरं डिझाइन त्याला येत नव्हतं.

शाळा उघडली. जितेंद्र नेहमीच्या वेगात आला, मित्राशी बोलत. मग दोघंही थोडा वेळ हवेत होते. गाडी आडवी, डबा उघडा, रस्त्यावर वरणभात. फारसं लागलं नाही. तो बसल्याबसल्या मला चाचपून बघत होता. "अरे, हा त खरा आहे!"

इंदूबाईंनी डब्याचं झाकण उचलून त्याच्या हातात दिलं. "ब्रेकर खोटा होता, मान्य. पण मी त रोज खरीच होती ना गा? मी काहून नाही दिसली तुले?"

इंदूबाई दीक्षाला घेऊन सावकाश पलीकडे गेल्या.

हल्ली माझा रंग उडालाय, सावली तर गेल्यातच जमा आहे. आता खरा झालोय, तर लांबून सपाट दिसतो. तेव्हा माझ्याकडे बघू नका. जरा कडेला बघा, तिथे इंदूबाई उभ्या असतील.