टाकीतलं पाणी

कॉम्प्रेसर म्हणजे काय, हवा भरायचं यंत्र; आणायचं आणि बसवायचं, असं ज्याला वाटतं त्यानं ताईच्या लॅबमधले ते पंधरा दिवस बघायला हवे होते. दातांच्या कॅप बनवणारी लॅब. चाळीस वर्षं सगळं हातानं चाललं, आणि आता कॅप कोरणारं मिलिंग मशीन आलं होतं. त्याचे नखरे काय विचारता! त्याला हवा लागणार ती सतत, कोरडी, आणि तेलाचा अंशही नसलेली. लॅबमधला जुना कॉम्प्रेसर नेमका तेलावर चालणारा. सुरू झाला की वरच्या मजल्यावरची भांडी वाजायची.

वरच्या मजल्यावर बाबा अंथरुणाला खिळलेले. लॅब त्यांनीच उभी केलेली. उभा जन्म प्लास्टरची नि धातूची धूळ छातीत गेली, त्या छातीनं आता हात टेकले होते. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार तर महिना. बाबांना घोर एकच, आपल्यामागे पोरगी लॅबला कुलूप लावील. आणि ताईचं मागणंही एकच, बाबांनी हा घोर सोबत नेऊ नये.

रोज सकाळी ते वरून ओरडत, "पाणी काढलंस का?" हवा दाबली की टाकीत पाणी साचतं. तळाची तोटी उघडून ते रोज काढावं लागतं, नाहीतर टाकी आतून गंजते. ताई खालून सांगे, "काढलं, बाबा!" मगच ते चहाला तोंड लावत.

नवा कॉम्प्रेसर निवडायला काका बसले. काका म्हणजे बाबांचे जुने जोडीदार. मिनिटाला किती लिटर, दाब किती, टाकी केवढी, सगळे आकडे त्यांनी मांडले. ताईनं विचारलं, "आवाज किती?"

"आवाज काय चाटायचाय? मोठी टाकी घे."

"बाबांना झोप लागत नाही हो, काका."

काकांनी आकडे पुन्हा मांडले. तेलाशिवाय चालणारा, हवा सुकवणारा, टाकीतलं पाणी आपलं आपण बाहेर टाकणारा कॉम्प्रेसर आला. चालू आहे की बंद हे हात लावून बघावं इतका गुपचूप. जुन्याला मागच्या बोळात ढकललं. पहिल्याच दिवशी मशीननं अशी कॅप कोरली की काकांनी तोंडात बोट घातलं.

बाबा शांत झाले. पाण्याचं विचारेनात. ताईला वाटलं, चला, झोप लागतेय. पण चौथ्या दिवशी त्यांनी पेजेचा वाडगा बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बंद केलीस ना? निदान सांगायचं तरी."

"अहो बाबा, चालू आहे लॅब! नवा कॉम्प्रेसर आवाज करत नाही."

"आवाज न करणारा कॉम्प्रेसर!" ते हसले, आणि ते हसू तिला बघवेना. तिनं धावत जाऊन नवी कॅप आणली. त्यांनी ती बोटांत फिरवली. "चांगली आहे. कुणाकडून करून घेतलीस?" फोनवर मशीन दाखवलं, तर म्हणे दुकानदाराचं असेल. खाली न्यावं तर डॉक्टरांनी हलवायला साफ मनाई केलेली. "माझ्यासाठी एवढी सोंगं करू नकोस, पोरी," ते म्हणाले.

ताई जिन्यातच बसून रडली. त्यांना झोप मिळावी म्हणून केलं, आणि त्यांचा जीवच काढून घेतला.

काकांनीच सुचवलं. दोघांनी जुनं धूड पुन्हा आत ओढलं. त्याला कुठलंही मशीन जोडलं नाही. नळीचं तोंड जरासं उघडं ठेवलं, म्हणजे हवा निसटत राही आणि मोटर पुन्हा पुन्हा सुरू होई. धडधड सुरू झाली, भांडी वाजली. थोड्या वेळानं वरून बारीक आवाज आला, "पाणी काढलंस का?"

"काढलं, बाबा!"

त्या दिवशी ते वाडगाभर पेज जेवले. पाच दिवस तो कॉम्प्रेसर असाच फुकट धडधडत राहिला, आणि शेजारी नवा मुकाट्यानं खरं काम करत होता. सहाव्या दिवशी सकाळी बाबांनी विचारलं, ताईनं उत्तर दिलं. दुपारी ती पाणी घेऊन वर गेली तेव्हा ते गेले होते. चेहरा निवांत होता. खाली धडधड चालूच होती.

संध्याकाळी सगळं आटोपून आल्यावर काकांनी विचारलं, "आता बंद करू?"

"मी करते."

तिनं बटण दाबलं. मग खाली बसून टाकीच्या तळाची तोटी उघडली. फुसकन हवा सुटली आणि तांबूस पाणी तिच्या पायांवर आलं.

"काका, आज काढलंच नव्हतं हो," ती म्हणाली. "गडबडीत होते. नुसतंच काढलं म्हणून सांगितलं."

पाणी संपेपर्यंत ती तोटी धरून बसून राहिली.