लोणच्याची बरणी आणि हिरवं तळं

मी बरणी बोलतेय. काचेची, रुंद तोंडाची, लाल झाकणाची. पोटात कैरीचं लोणचं घेऊन टाकवे बुद्रुकला कस्तुराबाईंच्या घरी आले. आधीच सांगते, माझा कुणावर भरवसा नाही. लोणच्यात ओला चमचा घालून साळसूद चेहरा करणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत.

लोणचं संपलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. या उन्हाळ्यात घरचं बोअर आटलं, आणि गावाशेजारचं तळं हिरवंगार झालं, कुणी रंगाचा डबा उपडा केल्यासारखं. ते पाणी प्यायलेलं बाईंचं कुत्रं तडफडून मेलं.

"त्या भिमाजीनंच इख घातलं," बाईंनी निकाल देऊन टाकला. समोरच्या काठाला भिमाजीचं शेत, आणि बांधावरून दोघांचं कधीचं वाकडं. आता बाईंचा जीव टांगणीला लागला तो गाभण म्हशीसाठी.

सून अनिता पंचायतीत पाणी तपासायला शिकून आलेली. तिनं मला घासलं, हातमोजे घालून तळ्याच्या पाण्यानं पाऊण भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. "आत्या, साधं शेवाळ असलं तर तळाला बसंल. वर तरंगलं तर विषारी असायची भीती. तवर म्हस तळ्यावर नेऊ नका."

"उकळून, गाळून पाजू की!"

"उकळून ह्ये विष जात न्हाई, आत्या."

सकाळी माझ्या गळ्याशी हिरवा पट्टा जमला होता. बाईंनी मला उजेडात धरलं, हुंगलं. "लोणच्याचं त्याल हाय ह्ये. आन् तळं बघ कसं निवळलंय!" खरंच, आमच्या काठाचं पाणी नितळ दिसत होतं. मला मात्र फार लागलं. सगळ्यांवर संशय घेणारी मी, आणि आळ माझ्यावरच!

मला हातात तशीच धरून बाईंनी म्हैस सोडली. अनिता मागून धावली. म्हैस पाण्याशी पोचते तोच पलीकडून भिमाजी ओरडला, "वयनी, म्हस पाजू नगा! वाऱ्यानं सगळी घाण माझ्या काठाला आलीया. माझं बकरू गेलं काल!"

बाई थबकल्या. एकीकडे वैरी, दुसरीकडे लोणच्याची बरणी, आणि दोघंही तेच सांगत होते. त्यांनी म्हशीचं दावं ओढलं.

थोड्या वेळानं भिमाजी आपल्या बोअरची बादली घेऊन आला. बाईंनी बादलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आदी तू पी."

त्याचा चेहरा पडला. अनिता शरमेनं खाली बघू लागली. तो बादलीशी वाकला. ओंजळभर पाणी प्यायला, तोंड पुसलं. "आता पाजा." बाईंनी म्हशीकडे तोंड फिरवलं, तरी त्यांचे भरलेले डोळे मला दिसलेच.

पुढे तपासणीत तळ्याचं पाणी विषारी निघालं. आता अनिता दर आठवड्याला मला भरते. लोणचं पुन्हा माझ्या नशिबी नाही, आणि कैरीच्या दिवसांत त्याचं वाईट वाटतं. एकच विनवणी आहे. हिरव्या पाण्यावर संशय घ्या, नितळ दिसलं तरी घ्या. त्याची शहानिशा करायला मी आहे. माणसांची करायला मात्र माझा उपयोग नाही.

काल भिमाजी बादली ठेवून निघाला, तेव्हा बाई म्हणाल्या, "भावजी, च्या घिऊन जावा." तो उंबऱ्याशी बसला. कप हातात घेतला आणि नुसताच धरून राहिला.

कुणी न सांगता बाईंनी तो कप त्याच्या हातातून घेतला, आधी आपण एक घोट प्यायल्या, आणि मग त्याच्यापुढे धरला.