आटे बसले म्हणून

आमच्या ह्यांना वाटतं, जगातली प्रत्येक वस्तू मागासारखीच असते. वडगावात आमचे पॉवरलूम. एका मागाचा नट दुसऱ्याला, दुसऱ्याची पट्टी तिसऱ्याला. आटे बसले की माग धडधडायला लागतो. त्याच हिशेबानं त्यांनी आमच्या जुन्या गाडीला भंगारातला, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा टेंपरेचर सेन्सर बसवला. "आटे बसले बघ, एकदम फिट," म्हणाले. मी तेव्हाच म्हटलं, निपाणीला लग्नाला जायचंय, एकदा मेकॅनिकला दाखवा. पण ह्यांच्यापुढं बोलून काय उपयोग!

लग्न सौम्याचं, ह्यांच्या भाचीचं. अक्षतांना नवरी मामाकडची पिवळी साडी नेसते आणि मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. ही साडी ह्यांनी स्वतः विणली. रंग मनासारखा येईना म्हणून सूत परत रंगवून घेतलं. त्यात एवढा उशीर झाला की पदराचे गोंडे बांधून झाले ते लग्नाच्याच सकाळी. तसेच निघालो.

तवंदी घाट चढताना बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. टेंपरेचरचा काटा मात्र खालीच, गाडी आत्ताच दारातून काढल्यासारखा. ह्यांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, चावी तशीच चालू ठेवली. पाण्याच्या पाइपाला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला.

"हितं उकळायलंय, आणि काटा गार म्हणतोय."

पंखाही फिरत नव्हता. फ्यूज जळला असेल म्हणून तो बघितला; चांगला होता. शेवटी सेन्सरची वायर उपटली, तसा पंखा घरघरायला लागला. ह्यांचा चेहरा पडला.

"सेन्सर काढला की गाडी आपसूक पंखा लावती. म्हंजे पंखा चांगला, वायर चांगली. ह्यो सेन्सरच ह्या गाडीचा न्हाय गं. माप येगळं त्येचं. गाडीला वाटलं, इंजिन गारच हाय. मग पंखा कशाला लावंल ती?"

"आता कळलं व्हय? चालू करा की मग!"

इंजिन नुसतं खडखडलं. ऑइलची पट्टी ओढून बघितली, तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं झालेलं. पाणी आत शिरलं होतं. दुखणं सापडलं, पण गाडी गेली.

मी येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात केला. हायवेवर कोण थांबतंय? फोन केला तसा निपाणीहून सौम्याचा भाऊ सौरव आम्हाला न्यायला निघाला, पण गुरुजी मुहूर्त टळू द्यायला तयार नव्हते. नणंदबाईंनी फोन तेवढा चालू ठेवला. मंगलाष्टका सुरू झाल्या. हे साडीची पिशवी छातीशी धरून रस्त्याकडेला उभे. ह्यांना चांगलं खडसावायचं मी ठरवलं होतं. पण मलाच रडू कोसळलं.

वाजंत्री थांबली आणि फोनवर सौम्याचा आवाज आला.

"मामा, लागलं लगीन."

"चुकलंच माझं, बाई. पाठीशी कोण उभं ऱ्हायलं?"

"चुलतमामा आलतं उभं ऱ्हायला. मी न्हाय म्हटलं. तुझी जागा मोकळीच ठेवली."

हे तिथंच, रस्त्याकडेच्या मातीत, मटकन खाली बसले.