श्यामकांतरावांच्या कॅबिनेटनं सून नाकारली

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरात चार पाहुणे आले तरी अडचण होते, पण त्या रविवारी अलकाताईंच्या हॉलमध्ये अख्खं मराठी मंडळ मावलं होतं. निम्मे लोक चपला हातात धरून उभे. कारण बिघडलेली यंत्रं मंत्रानं चालू करणारे श्री यंत्रानंद महाराज नोएडाहून कॅबनं आले होते. कॅबचा एसी मात्र त्यांना चालू करता आला नसावा, घामानं निथळत होते.

समोर पाटावर कॉम्प्युटरचा मदरबोर्ड ठेवलेला, शेजारी त्याचं उघडं कॅबिनेट, म्हणजे पत्र्याची पेटी, आणि त्यातल्या पॉवर सप्लायच्या वायरी बोर्डापर्यंत ताणलेल्या. महाराजांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि चांदीच्या इवल्याशा त्रिशूळाचं टोक बोर्डाला टेकवलं. पंखा गरगर फिरू लागला, स्क्रीन उजळला. बायकांनी हात जोडले. मग महाराजांनी तोच बोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रूनं बसवला आणि बटण दाबलं. पंखा जरासा थरथरला आणि गप्प झाला.

"देखा? बाहेर जिवंत, आत मृत. कॅबिनेट कुणाचं?"

"आमच्या ह्यांचं," अलकाताई म्हणाल्या. श्यामकांतराव मागच्या वर्षी गेले.

"आणि बोर्ड?"

"सुनेचा."

झालं होतं असं. लग्नानंतर सामान आणताना चेतनाच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट चेपलं. इकडे श्यामकांतरावांचं मोठं कॅबिनेट फेकायला अलकाताईंचं मन होईना. म्हणून नचिकेतनं बायकोचा बोर्ड बाबांच्या कॅबिनेटमध्ये बसवला. प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, सगळं एकमेकांना चालतंय ना हे त्यानं इंटरनेटवर तपासलं होतं. स्वतःची पत्रिकासुद्धा इतक्या बारकाईनं पाहिली नसेल. तरी मशीन ढिम्म.

महाराज सुरू झाले, "बोर्डाला मदर का म्हणतात, कधी विचार केलात? घरात आई एकच असते. दुसरी शक्ती आत शिरली, श्यामकांतजींनी दार लावून घेतलं. मुलगी पांढऱ्या पायाची आहे. सव्वा वर्ष माहेरी पाठवा. आज मशीन बंद पडलं, उद्या..." आणि ते बोलायचे थांबून नचिकेतकडे बघत राहिले.

अलकाताईंचा चेहरा पांढराफटक पडला. नवरा गेलेल्या बाईला मुलाच्या जिवाची भीती घालायची, याहून हलकट धंदा नाही. "चेतना," त्या कशाबशा म्हणाल्या, "उद्याचं तिकीट बघ बाळा." चेतना भिंतीला टेकून उभी होती. नचिकेत जमिनीकडे बघत होता. त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा असं मला फार वाटलं.

मी वृंदा, वरच्या मजल्यावर राहते, दातांची डॉक्टर. माझ्याकडे रोज माणसं येतात आणि खालचा दात धरून सांगतात, हाच दुखतोय. बघावं तर कीड वरच्या दाताला. दुखतंय म्हणेल तो दात मी उपटत बसले असते तर आज अर्धी दिल्ली बोळकी असती.

"महाराज, मी जरा बघू?"

"बिल्कुल, डॉक्टरसाहेब. सायन्सपण आमचंच आहे."

मी वर जाऊन तोंडात बघायचा छोटा आरसा, दात तपासायची सळई, टॉर्च आणि पक्कड घेऊन आले. नचिकेतला बोर्ड बाहेर काढायला लावला. कॅबिनेटच्या तळाच्या पत्र्यावर पितळेचे छोटे खुंट होते. त्यांच्यावर बोर्ड टेकतो, वरून स्क्रू बसतात. म्हणजे प्रत्येक खुंटासमोर बोर्डाला भोक हवं. मी बोर्ड जागेवर अलगद टेकवला आणि फटीतून आरसा सरकवला. एक खुंट भलत्याच ठिकाणी, बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या उघड्या ठिपक्यांना भिडलेला.

"नचिकेत, बाबांचा जुना बोर्ड याच्यापेक्षा मोठा होता?"

"हो काकू, बराच."

"मग हा खुंट त्याच्यासाठी होता. याला इथं भोक नाही, म्हणून तो मागून टोचतोय. त्यातून वीज थेट पत्र्यात जाते आणि पॉवर सप्लाय स्वतःला बंद करून घेतो. लाकडी पाटावर टोचायला काही नाही, म्हणून तिथं चालतं."

खुंट पकडीनं पिळून काढला, बोर्ड बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला.

"मंत्राचा असर थोडा उशिरा होतो," महाराज म्हणाले.

"असं? नचिकेत, खुंट परत लाव." लावला, मशीन बंद. काढला, चालू. पुन्हा लावला, बंद. "श्यामकांतराव दर पाच मिनिटांनी मत बदलत नव्हते हो, आम्ही ओळखायचो त्यांना."

मंडळी हसली. मग मी खुंट कायमचा काढून टाकला आणि बटणाची वायर बोर्डावरून उपसली. ती ज्या दोन पिनांवर बसते, तिथंच तर त्रिशूळ टेकला होता. बटण दाबलं की त्या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात, बास. मी माझी दात तपासायची सळई टेकवली आणि मशीन सुरू झालं. "घ्या, मलाही सिद्धी मिळाली. आणि महाराज, इतक्या सफाईनं स्क्रू बसवणारा हात हिमालयात तयार होत नाही. रिपेअरिंगचं दुकान कुठं होतं तुमचं? खुंट तुम्हाला पहिल्याच वेळी दिसला असणार."

महाराजांना अचानक नोएडात दुसरा कार्यक्रम आठवला. दक्षिणा मागायचंही विसरले.

हॉल रिकामा झाला. अलकाताईंनी डोळे पुसले, चेतनाचा हात धरला. "चल, मिटलं सगळं. तुझा काही दोष नव्हता गं. सापडलं ना कारण."

चेतनानं हात सोडवून घेतला. आवाज न चढवता तिनं विचारलं, "आई, आणि ते सापडलं नसतं, तर?"

 

मला त्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे लिहिलं. खुंट सापडला नसता तरी चेतनाचा दोष नव्हताच. यंत्र बंद पडतं, माणूस आजारी पडतो, नोकरी जाते. दर वेळी कारण हाती लागेलच असं नाही. तेव्हा 'कळत नाही बुवा' म्हणावं आणि शोधत राहावं, त्यात कसला आलाय कमीपणा? पण कारण सापडत नाही म्हणून त्या जागी घरातलं माणूस उभं करू नका. मशीन पुन्हा सुरू होतं. त्या पोरीनं सासूच्या हातात आपणहून हात द्यायला किती दिवस लागतील, ते मला सांगता येत नाही.