समक्ष हजर

परदेशातलं पहिलं वर्ष संपलं की नव्या अधिकाऱ्याने दोन पानी अहवाल द्यायचा असतो. काय शिकलात, काय अडचणी आल्या. दीड पान लिहून झालंय. राहिलेल्या अर्ध्या पानात जे खरं लिहायला हवं, ते वाचून वरिष्ठ मला सरळ वेड्यात काढतील. म्हणून ते या वेगळ्या कागदावर.

वकिलातीत नोकरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मेजवान्या आणि करारमदार येतात. माझ्या वाट्याला आली तळमजल्यावरची खिडकी नंबर तीन. हरवलेले पासपोर्ट, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि नोव्हेंबरात हयातीचे दाखले. आपल्याकडून निवृत्त होऊन इथे मुलांकडे राहणारी म्हातारी माणसं येतात, ती अजून जिवंत आहेत असं मी लिहून देते, तेव्हा कुठे त्यांचं पेन्शन चालू राहतं. नियम एकच: माणूस समक्ष हजर पाहिजे. आधी त्याने सही करायची, मग मी. आणि नियमाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. इथे बावीस वर्षं काढलेले आमचे कारकूनबुवा पाठीमागे मला 'खडूस बाई' म्हणतात. मला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही होता.

घरी बाबा आणि दादा-वहिनी. जुलैत बाबांचं ऑपरेशन ठरलं, नेमकं तेव्हाच इथे वरून शिष्टमंडळ यायचं होतं. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितलीच नाही. पहिल्याच वर्षी कुठे तोंड वेंगाडायचं, असा माझा ताठा. फोनवर बाबांना म्हटलं, "नोव्हेंबरात वर्ष पुरं झालं की येतेच. तोवर थांबायचं हं, बाबा. कुठे जायचं नाही." थट्टेतच म्हटलं. बाबा "बरं" म्हणाले. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, दिलेला शब्द त्यांच्या लेखी दगडावरची रेघ. ऑपरेशन झालं, पण नंतर ताप काही हटेना.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खिडकीवर एक आजी आल्या. नवरा निवृत्त पोस्टमास्तर, अंथरुणाला खिळलेला. डॉक्टरचं पत्र, फोटो, सहीच्या जागी अंगठा, सगळे कागद जिथल्या तिथे. "त्यांना उठवत नाही हो," आजी म्हणाल्या, "तुम्हीच घरी येऊन बघून जा. बसने वीस मिनिटं." घरी जाऊन बघायची सोय नियमात आहे. पण त्याला परवानगी काढा, गाडी मागा, अर्धा दिवस घालवा. मी म्हटलं, "त्यांना स्वतःला यावं लागेल." आजी तीनदा आल्या आणि तीनदा मी हेच ऐकवलं. तिसऱ्यांदा, म्हणजे बुधवारी, जरा आवाज चढवून.

गुरुवारी दुपारी साडेतीनला मी खिडकी बंद करणार, तर समोरच्या खुर्चीत पोस्टमास्तर बसलेले. फोटोतलेच. लोकरीची टोपी, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पायात नुसते मोजे. बाहेर सकाळपासून पाऊस होता आणि मोजे कोरडे ठणठणीत. हे मी पाहिलं, पण कामाच्या घाईत त्याचं काही वाटलं नाही.

"बघा, जमलं की नाही यायला?" मी म्हटलं.

"तुम्हीच म्हणालात ना, स्वतः या म्हणून." तक्रार नव्हती त्यात.

पेन देताना त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. हंड्यातल्या पाण्यासारखी गार. त्यांनी झरझर सही केली, वळणदार, स्वच्छ. मी माझी केली, शिक्का मारला, मान वर केली तर खुर्ची रिकामी. म्हातारा भलताच चपळ निघाला, असं म्हणत मी खिडकी लावली.

आज सोमवार. सकाळीच आजी आल्या, मृत्यूची नोंद करायला. डॉक्टरच्या कागदावर लिहिलं होतं: गुरुवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.

मी दाखल्यांची नोंदवही काढली. सही होती. कारकूनबुवांना हाक मारून विचारलं.

"गुरुवारी साडेतीनला?" ते म्हणाले. "कुणीच नव्हतं, मॅडम. तुम्ही एकट्याच बोलत होतात. मला वाटलं, फोनवर आहात."

आजींनी सहीवरून बोट फिरवलं. त्या घाबरल्या नाहीत. "त्यांचीच आहे. सहा महिने हात चालत नव्हता बिचाऱ्यांचा. त्या दिवशी पहाटे मीच वैतागून म्हटलं, बाई काही ऐकत नाहीत, तुम्हालाच जावं लागणार. 'बरं' म्हणाले. तेवढंच शेवटचं बोलले." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "शब्दाचे फार पक्के होते हो. तुम्ही जरा जपून बोलायला हवं होतंत."

मी माफी मागायला लागले आणि मलाच रडू फुटलं. त्यांनीच मला पाण्याचा पेला पुढे केला.

त्या गेल्या आणि मी तिथूनच दादाला फोन लावला. "बाबा कसे आहेत?"

"एकदम झकास! अगं, तीन दिवस झाले, ताप नाही, कण्हणं नाही. दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसलेत. आत चला म्हटलं तर नको म्हणतात."

"जेवतात?"

"त्याचं नाव काढू नकोस. पाणीसुद्धा नको. डॉक्टर येऊन गेले, पण त्यांचं बीपीचं मशीन बिघडलेलं, आकडाच दाखवेना. चेहरा मात्र कसा शांत झालाय म्हणून सांगू!"

"दादा, त्यांचा हात धर."

"काय?"

"धर ना. गरम आहे का ते सांग."

चपलांचा आवाज ऐकू आला, मग दारातला रस्ता.

"गार आहे गं चांगलाच. थंडी पडलीये ना इकडे. थांब, तुझ्या वहिनीला शाल आणायला सांगतो."

मला कळायचं ते कळलं. "फोन त्यांच्या कानाला लाव," मी म्हटलं.

काय बोलायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. थांबू नका बाबा, जा. एवढंच. बोलायला श्वाससुद्धा लागला नसता.

"बाबा," मी म्हटलं, "अजून बसलात?"

"तूच म्हणालीस ना, थांबा म्हणून." त्यांच्याही बोलण्यात तक्रार नव्हती.

विमान उद्या सकाळचं मिळत होतं. तिथून पुढे एक दिवसाचा प्रवास. मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. मला त्यांना एकदा बघायचं होतं हो. समक्ष.

"दोन दिवस, बाबा," मी म्हणाले. "आता फक्त दोन दिवस."

"बरं," बाबा म्हणाले.