हौद्यातली दोन भोकं

आपल्याच हातानं भोकं पाडायची आणि काम अडलं की बोट माझ्याकडे दाखवायचं! बालांग उलुनची ही खोड आजची नाही, मित्रांनो. चढावर चाकं रुतली की तो खाली उतरतो, माझ्या टायरला लाथ घालतो आणि चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणतो, "म्हातारी झाली ही. हिच्यात आता काही राहिलं नाही." लाथ मारणाऱ्याचे गुडघेही हल्ली वाजतात. पण ते कोण ऐकतं?

मी चारही चाकांनी ओढणारी गाडी. पुढे माणसं, मागे उघडा हौदा. जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तिथलं मला एवढंच आठवतं की सगळं कोरडं होतं. त्यानंतर कोरडं असं मी फारसं काही पाहिलं नाही. बोटीनं मिरीच्या बंदरात उतरले, तिथून केलाबित लोकांच्या डोंगरात आले, ती इथलीच झाले. एकोणीस वर्षं झाली त्याला.

मला घरी आणलं तेपूनं. तेपू म्हणजे आजी. बालांग उलुनची ती सख्खी आई, पण अख्खं गाव तिला तेपूच म्हणतं. शाळेत ती जेमतेम दोन पावसाळे गेली. मात्र गावामागच्या खारट झऱ्याचं पाणी कढईत किती आटलं, हे ती नुसत्या वासावरून सांगते. मिठाचा खडा जिभेला लावला की कुणाच्या कढईतला तेही सांगते. बारा वर्षं चुलीपुढे मीठ आटवून तिनं मला घेतलं. पहिल्या दिवशी माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "नीट वाग. मीही नीट वागेन."

आम्ही दोघी नीट वागलो. मिरीला जायचा रस्ता लाकूडतोडीवाल्यांनी पाडलेला, मातीचा, बारा-चौदा तासांचा. पाऊस झाला की त्याची लापशी होते आणि मागची दोन चाकं जागच्या जागी गरगरतात. मग समोरचा गोल खटका फिरवायचा. माझ्या पोटातली छोटी मोटार गुरगुरते, पुढच्या चाकांनाही ताकद मिळते आणि हिरवा दिवा लागतो. त्या दिव्याचा मला भारी अभिमान होता. मी बाळंतिणी नेल्या, तांदूळ नेला, डुकरं नेली, एकदा चर्चची घंटासुद्धा नेली. लोक म्हणायचे, "तेपूची गाडी ना? मग पोचलोच."

दोन वर्षांपूर्वी तो दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकणं म्हणजे आमच्या भाषेत, 'सांगितलेलं ऐकलं, पण होत नाही.' बालांग उलुननं मला मिरीच्या एका गॅरेजात नेलं. त्यांनी आधी फ्यूज बदलला. मग खटका. मग रिले. शेवटी मोटारच नवी घातली. खाली कोरड्या रस्त्यावर मी बरी चालायची, डोंगरात येऊन भिजले की पुन्हा लुकलुक. दुखत होता गुडघा आणि हे दात उपटत होते!

मागच्या महिन्यात तर माझी लाजच गेली. इथे नातू झाला की माणूस जुनं नाव टाकतो आणि भर मांडवात नवं घेतो. बालांग उलुन हे त्याचं असंच नातवामुळे मिळालेलं नाव, तोवर तो साधा लाबो होता. त्या मांडवाला पाहुण्यांना घेऊन येताना गावाखालच्या चढावर मी बसले ती बसलेच. नेसून-सजून आलेल्या पाहुण्यांनी मला ढकलत वर आणलं. नवं नाव पुकारलं तेव्हा हा कमरेपर्यंत चिखलात माखलेला. मागून कुणीतरी ओरडलं, "बालांग चिखल म्हणा, बालांग चिखल!" मांडव हसून लोळला. दुसऱ्या दिवशी त्यानं जाहीर केलं, शनिवारी मिरीचा भंगारवाला वर येतोय, माझे भाग सुटे करून नेणार.

"शनिवारपर्यंत ती माझी आहे," तेपू म्हणाली आणि तिनं जांतिंगला बोलावलं. जांतिंग तिच्या भाचीचा नवरा, इबान जमातीचा, खालच्या नदीकाठचा. लाकूडतोडीच्या छावणीत ट्रक दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं.

"किती दिवस लागतील, जावईबापू?"

"जेवायला काय आहे त्यावर आहे, तेपू."

"भात आहे. काम झालं तर डुकराचं मटणही आहे."

"मग आजच होईल."

बालांग उलुन हसला. "मिरीवाल्यांकडे मशीन आहे, त्यांना कळलं नाही. तुझ्याकडे काय आहे?"

"बल्ब आहे, दादा," जांतिंग म्हणाला.

खरंच, त्याच्याकडे हेडलाइटचा जुना बल्ब होता, दोन वायरी जोडलेला. आधी त्यानं मीटर लावून पाहिलं. जिथे लावावं तिथे वीज पुरेपूर. "मीटर नुसतं बघतं," तो म्हणाला. "बल्ब ओझं उचलतो. पोत्याकडे बघणारा वेगळा आणि पोतं पाठीवर घेणारा वेगळा." मग मोटार चालवणाऱ्या वायरीवर तो बल्ब घेऊन वरून खाली निघाला. फ्यूजपाशी बल्ब लख्ख. खटक्यापाशी लख्ख. मोटारीपाशी नुसता मिणमिण. तिथून तो उताणा सरपटत मागे मागे येत गेला आणि हौद्याखालच्या एका जोडापाशी थांबला. जोडाच्या अलीकडे लख्ख, पलीकडे मिणमिण.

जोड उघडला. आतली पिन कुरतडून गेलेली, वर हिरवट-पांढरा थर.

"बॅटरीचं ॲसिड उडालं असणार," बालांग उलुन घाईनं म्हणाला. "जुनी गाडी आहे, सिना."

त्याच्या सिनानं, म्हणजे आईनं, वाकून तो जोड हातात घेतला. त्या थराचा कण नखावर घेऊन तिनं जिभेला लावला.

"तेपू, विष असतं ते!" जांतिंग ओरडला.

ती थुंकली, दोनदा चूळ भरली आणि तोंड पुसून म्हणाली, "माझ्या झऱ्याचं मीठ आहे हे."

जांतिंग पुन्हा खाली शिरला. "तेपू, या जोडाच्या बरोबर वर हौद्याला दोन भोकं आहेत. आभाळ दिसतंय."

आता बालांग उलुनला आपल्या चपला फार बघण्यासारख्या वाटू लागल्या. मीठ बांबूत भरून चुलीपाशी खडखडीत वाळवायचं, मगच माझ्यात चढवायचं, हा तेपूचा नियम. याला धीर नव्हता. ओल्या टोपल्याच चढवायचा. खारं पाणी हौद्यात साचून पत्रा कुजू नये म्हणून यानंच ती भोकं पाडली होती आणि गावभर मिरवलाही होता, "आता बघा, एक थेंब साचत नाही!" साचत नव्हताच. माझ्या नसेत उतरत होता.

जांतिंगनं सडलेला जोड कापला, तांबं लख्ख खरवडलं, कथलाचा डाग देऊन वायरी जोडल्या, चिकटपट्टी गुंडाळून त्या बाजूला बांधल्या. तेपू माझ्यात बसली. त्याच गावाखालच्या चढावर खटका फिरला. मोटार गुरगुरली. दिवा लागला आणि लागूनच राहिला. मी वर आले. धापा टाकत, पण आपल्या चाकांवर.

मित्रांनो, मी फार थकले आहे. भंगाराची मला भीती नव्हती, एक दिवस सगळ्यांनाच सुटं व्हायचंय. न केलेल्या गुन्ह्यासाठी जायचं नव्हतं, एवढंच. तुमच्याही घरी काही लुकलुकत असेल, कुरकुरत असेल. त्याला म्हातारं म्हणण्याआधी वाकून एकदा खाली बघा. नवं आणण्याआधी दुखतंय कुठे ते शोधा.

शनिवारी भंगारवाला आला, चहा पिऊन रिकामा परतला. तो वळणाआड गेल्यावर तेपूनं लेकाला माझ्या हौद्यापाशी बोलावलं आणि ओट्यावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"नातू झाला म्हणून नवं नाव मिळालं तुला. आपली चूक आपल्या तोंडानं कबूल केल्याशिवाय ते अंगाला लागत नाही. तोवर मी तुला त्या नावानं हाक मारणार नाही. आधी ही भोकं बुजव, लाबो."