गरम ठेवलेला बॉयलर

शहराला वीज वाटून देणाऱ्या कंट्रोल रूममध्ये पाळीवर येऊन पाऊल ठेवलं, पडद्यावरचा आकडा पाहिला आणि तिनं डोक्याला हात लावला. कोळशाच्या जुन्या वीज केंद्रानं महिन्याच्या कार्बन मर्यादेतले शंभरातले त्र्याण्णव भाग संपवले होते, आणि महिना संपायला अजून पाच दिवस होते. म्हणजे बाबांनी पुन्हा तेच केलं होतं!

बाबा म्हणजे त्या केंद्राचे पाळीप्रमुख. चौतीस वर्षं बॉयलरसमोर काढलेला माणूस, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते आणि केंद्रातलं बॉयलर-जनित्राचं शेवटचं युनिटही बंद होणार होतं. दिवसाची वीज आता उन्हावर आणि वाऱ्यावर भागायची. ऊन गेलंय आणि वारा अजून उठलेला नाही, अशा संध्याकाळच्या दोन तासांत कोळसा लागायचा, तोही रोज नाही. या शेवटच्या महिन्यात चिमणीतून किती कार्बन सोडायचा ते ठरवून दिलं होतं. तेवढा संपला की तारीख कुठलीही असो, युनिट त्याच दिवशी कायमचं बंद.

आणि उस्तादांची तर सगळी तयारी झाली होती. शेवटच्या संध्याकाळी जुने निवृत्त सोबती येणार, त्यांच्यासमोर हे स्वतःच्या हातानं युनिट उतरवून बंद करणार. इस्त्री केलेला गणवेश कपाटात टांगून ठेवला होता, आणि आईला त्या कपाटाला हात लावायची बंदी होती.

मग मर्यादा एवढ्यात संपत कशी आली? काम झालं की आग पूर्ण विझवायची, असा नियम होता. तो उस्तादांना पटत नव्हता. थंड बॉयलर उठवायला पाच-सहा तास लागतात, म्हणून हे महाराज दिवसभर मंद आग चालू ठेवायचे. वीज शून्य, धूर मात्र चालू. चिमणीवरचा मीटर काही कुणाची भीड ठेवत नाही, तो तासातासाला आकडा पाठवत होता.

त्या दिवशी जेवणाच्या ताटावरच तिनं विषय काढला.

"बाबा, आग विझवा म्हणून तुम्हाला किती वेळा लिहून पाठवलं?"

"वाचलं सगळं."

"मग?"

"मग काय? तू सहाला वीज मागतेस, सहाला मी देतो. गेल्या तीन वर्षांत एकदा तरी उशीर झाला का?"

"पण मी रोज मागतच नाही! लागणार असेल तर सकाळी फोन करते ना? फोन आला नाही म्हणजे नको आहे, इतकं साधं आहे."

"तुमच्या फोनचं मला सांगू नकोस. ढग काय फोन करून येतात?"

"अहो, त्यासाठी बॅटऱ्या आहेत, धरणाचं पाणी आहे..."

"बॅटऱ्या!" बाबांनी आमटीचा भुरका मारला. "टीव्हीच्या रिमोटमधल्या चार महिने टिकत नाहीत, आणि म्हणे शहर चालवणार."

पालथ्या घड्यावर पाणी! तिनं हातातला घास ताटात ठेवला. आई हसून म्हणाली, "तुम्ही दोघं आपले फोनवरच बोलत जा बाई."

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. कंट्रोल रूमच्या फोनची रीतच तशी होती. इकडून आदेश द्यायचा, पलीकडच्यानं तो शब्दन् शब्द परत म्हणायचा, मग इकडून 'बरोबर' म्हणायचं. तोवर आदेश लागू नाही, आणि सगळं रेकॉर्ड होणार. घरी जो माणूस तिचं अर्धं वाक्य ऐकून घेत नसे, तोच फोनवर तिचं अख्खं वाक्य मान खाली घालून परत म्हणायचा.

बाबा हात धुवायला उठले, तशी आई हळूच म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी यांचं युनिट वीस मिनिटं उशिरा उठलं, शहरातले दिवे गेले आणि तुला ते 'कारणे दाखवा'चं पत्र आलं होतं, आठवतं? तेव्हापासून गरम ठेवतात. पोरीला परत कागद यायला नको, म्हणतात."

"मी सांगितलं होतं का त्यांना?" ती म्हणाली खरी, पण तिला एकदम भरून आलं, आणि त्यामुळे राग आणखीच वाढला. धड भांडताही येऊ नये, असली ही माया!

तिनं वही ओढली आणि हिशेब मांडला. उरलेले सात भाग एकदा युनिट उठवून दोन तास चालवायला पुरत होते, जेमतेम. ती बाबांच्या शेजारी जाऊन बसली.

"चार दिवस आग साफ बंद. माझं मी बॅटऱ्यांवर भागवते. शेवटच्या दिवशी सकाळी पेटवा, संध्याकाळी चालवा, सगळ्यांसमोर उतरवा. कबूल?"

बाबांनी कपाटाकडे एकदा पाहिलं. "कबूल."

आणि नवल म्हणजे तीन दिवस त्यांनी शब्द पाळला! चिमणीचा आकडा जागचा हलला नाही.

चौथ्या दिवशी सकाळीच आभाळ गच्च भरलं. ऊन नाही म्हणजे सोलर अर्ध्यावर. पण तिची तयारी होती. तिनं धरणावर पाणी राखून ठेवायला सांगितलं, शीतगृहांना दुपारीच गारवा साठवून घ्यायला लावलं, बॅटऱ्या काठोकाठ भरून घेतल्या. या धांदलीत चिमणीच्या आकड्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. 'बाबा, आज नकोय,' एवढं सांगायला एक फोन पुरला असता. पण नको असेल तर फोन करायचा नाही, हा नियम तिनंच तर त्यांना ऐकवला होता.

तीन वाजता तिच्या पाठीमागून साहेब म्हणाले, "हे काय? यांनी मर्यादा ओलांडली की!"

शंभरावर एक. सकाळपासून बॉयलर पेटवलेला होता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ते हेच! कुणी मागितली होती यांच्याकडे वीज?

"आदेश द्यावा लागेल," साहेब म्हणाले. "हवं तर मी करतो फोन."

"नको. मी करते."

पहिल्याच घंटेला पलीकडून फोन उचलला गेला.

"युनिट तयार आहे!" ती काही बोलायच्या आतच बाबा म्हणाले. "सहाला हवी तेवढी घे. ढग बघितले तेव्हाच समजलो, आज तुझी तारांबळ उडणार, फोन करायलाही सवड नसणार. म्हणून मीच पेटवलं."

आवाज इतका खुशीत होता की तिनं डोळे मिटून घेतले.

"आदेश लिहून घ्या," ती म्हणाली. "युनिट कायमचं बंद करा. वेळ तीन वाजून दहा मिनिटं. परत म्हणा."

मग बाबा म्हणाले, "युनिट बंद करा. वेळ तीन वाजून दहा मिनिटं."

"एक शब्द राहिला."

"अगं, पण उद्या ते सगळे यायचेत..."

"पाळीप्रमुख, एक शब्द राहिला. परत म्हणा."

"युनिट," बाबा म्हणाले, आणि थांबले. "युनिट कायमचं बंद करा. वेळ तीन वाजून दहा मिनिटं."

"बरोबर," ती म्हणाली. फोन ठेवला आणि साहेबांवरच खेकसली, "आता पाठीमागे उभं राहून काय बघताय?" साहेब बिचारे निमूट आपल्या खोलीत गेले.

सहा वाजता अंधारून आलं. सोलर संपलं, बॅटऱ्या लागल्या, मागोमाग धरणाची वीज आली. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. सव्वासहाला आईचा फोन आला.

"अगं, हे घरी आलेत. चहासुद्धा घेतला नाही. खुर्ची ओढून दिव्याखाली बसलेत, वर बघत. म्हणतात, आज युनिट नाही, आता दिवे जाणार, पोरीची धांदल उडणार."

"नाही जाणार म्हणावं. सगळं नीट चाललंय."

"ते मलाही दिसतंय गं." आईनं आवाज खाली आणला. "मी काय म्हणते, एक मिनिटभर दिवे घालव ना. आपल्या वसाहतीपुरतेच. तेवढंच त्यांना बरं वाटेल."

वसाहतीच्या लाइनचं बटण तिच्यापासून हातभर अंतरावर होतं.

"आई, वेड लागलंय का तुला? ठेव तो फोन!"

आईनं ठेवला. सात वाजता पाळी संपेपर्यंत शहरातला एकही दिवा लुकलुकला नाही, आणि आपण काम इतकं चोख केलं, याचा तिला मनस्वी राग आला.